साखर कारखान्यातले केबल ट्रे : एका गळीत हंगामानंतर

गेल्या ऑफ-सीझनला आम्ही मिल हाऊसपासून (जिथे ऊस पिळतात) बॉयलिंग हाऊसपर्यंतचे (जिथे रस आटवून साखर करतात) जुने केबल ट्रे, म्हणजे केबली वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या पन्हळी, उतरवून नवे बसवले. आता गाळप उरकलंय, ओव्हरहॉलिंग सुरू झालंय आणि ट्रे जवळून बघायला सवड मिळाली आहे. कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स सांभाळणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी आमच्याकडे सगळीकडे भोकांचे म्हणजे परफोरेटेड ट्रे होते, वर झाकण. झाकणामुळे धूळ आत जाणार नाही अशी समजूत. प्रत्यक्षात बगॅसची (ऊस पिळून उरलेल्या चोथ्याची) बारीक भुकटी सांध्यातून आत शिरते आणि झाकणामुळे ती दिसतही नाही, निघतही नाही. मिलमधून निघताना बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं, पण हवेत उडणारा भुसा लगेच सुकतो. तो केबलवर साचला की केबलची उष्णता बाहेर पडत नाही आणि वर हा भुसा स्वतःच जळाऊ. जुनी झाकणं उघडली तेव्हा बॉयलर फीडरच्या बाजूला काही ठिकाणी भुसा तपकिरी-काळा पडलेला होता. ते बघितल्यावर झाकणाचा ट्रे पुन्हा घ्यायचा नाही हे तिथेच ठरलं.

मिल आणि बॉयलरकडे आता लॅडर ट्रे (शिडीसारखे, मध्ये फक्त आडव्या पट्ट्या) आहेत आणि तेही आडवे न ठेवता कडेवर उभे बसवले आहेत. म्हणजे लाइन आडवीच जाते, पण ट्रेची रुंदी भिंतीला समांतर राहते आणि केबली एकीखाली एक येतात. भुशाला बसायला सपाट जागाच उरत नाही. पूर्ण हंगामात या लाइनवर जे साचलं ते केबलच्या पाठीवरचा पातळ थर, आणि तो साप्ताहिक साफसफाईत व्हॅक्यूमने निघत गेला. कॉम्प्रेस्ड हवा मारू नका. भुसा उडून शेजारच्या पॅनेलमध्ये जातो आणि हवेत तरंगणारी सुकी भुकटी जास्त धोक्याची.

उभ्या ट्रेला मजुरी जास्त लागते, हे आधीच धरून चला. साडेतीन कोर (तीन पूर्ण तारा आणि एक निम्म्या जाडीची न्यूट्रल) 300 स्क्वेअर एमएमची अ‍ॅल्युमिनियम आर्मर्ड (वर पोलादी कवच असलेली) केबल मीटरला पाच किलोच्या आसपास भरते. ती नायलॉन टायवर टांगणं म्हणजे टाय तुटण्याची वाट बघणं. आम्ही प्रत्येक जड केबलला धातूचे सॅडल (केबल आवळून धरणाऱ्या पट्ट्या) लावले, टाय फक्त कंट्रोल केबलींना, आणि तेही काळे. पांढरे टाय उन्हात ठिसूळ होऊन गळून पडतात.

वळणांबद्दल तर सप्लायरशी बराच वाद झाला. तयार बेंड 300 मिमी त्रिज्येचे येतात. मघाशी सांगितलेली 300 स्क्वेअर एमएमची केबल 60 मिमीपेक्षा जाड, आणि आर्मर्ड मल्टिकोरला व्यासाच्या 12 पट त्रिज्या द्यायची म्हणजे पाऊण मीटर झाली. तयार बेंडमध्ये ती बसवायची तर पोरं पहार लावून दाबतात, आणि इन्सुलेशन आतून दुखावलं तर ते त्या दिवशी मेगरला (इन्सुलेशन तपासायच्या मीटरला) दिसेलच असं नाही. आम्ही मोठ्या त्रिज्येचे बेंड बनवून घेतले. पैसे जास्त गेले, पण केबल रोलरवरून हाताने वळली.

गॅल्वनायझिंगकडे, म्हणजे गंजू नये म्हणून चढवलेल्या जस्ताच्या थराकडे, मी सर्वात जास्त लक्ष दिलं आणि तुम्हीही द्या. प्री-गॅल्व्हनाइज्ड (आधीच जस्त चढवलेल्या) पत्र्यावर, तो Z275 ग्रेडचा म्हणून आला तरी, एका बाजूला साधारण 20 मायक्रॉन जस्त असतं, आणि भोकं नंतर पाडलेली असल्याने त्यांच्या कडा उघड्या राहतात. गंज तिथूनच सुरू होतो. हॉट-डिपमध्ये ट्रे पूर्ण बनवून मग जस्तात बुडवतात. 2 मिमी पत्र्याला सरासरी 55 मायक्रॉन मिळायला हवं. माल उतरवतानाच थराची जाडी मोजायचं गेज लावून तपासला. हॉट-डिपची एक डोकेदुखी म्हणजे कडेला जस्ताचे टोकदार थेंब राहतात. केबल ओढण्याआधी एका हेल्परला कानस देऊन सगळ्या आतल्या कडांवरून फिरवलं, कारण असा एक थेंब ओढलेल्या केबलचं शीथ (बाहेरचं आवरण) लांबलचक चिरू शकतो. जोडपट्टीचे बोल्टही गोल डोक्याचे घ्यावेत आणि डोकं आत, नट बाहेर. साइटवर कापलेल्या टोकांना झिंक स्प्रे मारला होता. हंगाम संपल्यावर ती टोकं स्वच्छ आहेत.

सल्फर भट्टी आणि रस सल्फिटेशनच्या (रस स्वच्छ करायला त्यात सल्फर डायऑक्साइड सोडतात त्या) भागात मात्र हॉट-डिपचाही निभाव लागत नाही. सल्फर डायऑक्साइड आणि वाफ मिळून जस्त खातात. तिथे एफआरपी (काचतंतू आणि रेझिनचा) लॅडर घातला आणि तो आजही कोरा दिसतो. एफआरपीतून वीज वाहत नाही, म्हणून अर्थिंगची पट्टी वेगळी न्यावी लागते. धातूच्या ट्रेला सांध्यांवर जंपर (दोन तुकडे विजेने जोडणाऱ्या तारा) दिले तसं इथे चालत नाही. कापताना काचतंतूंची भुकटी अंगाला खूप खाजवते, मास्क आणि हातमोजे पाहिजेतच, आणि कापलेली कड रेझिनने बंद करायची.

कंट्रोल रूमकडे जाळीचा ट्रे आहे. बोल्ट कटरने तारा कापून जागेवर हवं तसं वळण देता येतं, काम झपाझप होतं. हलक्या केबलींसाठी उत्तम, जड केबल त्यावर टाकू नका.

या सगळ्यात मला मनापासून समाधान दिलं ते सिग्नल केबल वेगळ्या करण्याने. पूर्वी गव्हाणीच्या (ऊस मिलकडे नेणाऱ्या पट्ट्याच्या) व्हीएफडीच्या, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या, मोटर केबली आणि डोनेली शूटमधल्या (मिलच्या तोंडावरच्या उभ्या नळीतल्या) उसाची लेव्हल सांगणारे 4-20 मिलीअँपचे बारीक सिग्नल एकाच ट्रेमधून जायचे. ड्राइव्हने वेग घेतला की लेव्हलचा आकडा नाचायचा, आणि ऑपरेटर वैतागून गव्हाण ऑटोवरून काढून हाताने चालवायचा. आता दोन ट्रेमध्ये 300 मिमी अंतर आहे, जिथे ओलांडावं लागतं तिथे काटकोनात ओलांडलंय, सिग्नलचं शील्ड एकाच टोकाला अर्थ केलंय. यंदा स्क्रीनवरची रेषा सरळ होती आणि गव्हाण ऑटोवर चालली.

उंदरांचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. स्विचगिअर रूमच्या भिंतीतली भोकं साध्या फोमने बुजवली होती, ती त्यांनी पोखरली. आता तिथे फायर-स्टॉप मॉर्टर (आग अडवणारा सिमेंटसारखा मसाला) भरतोय.

येत्या ऑफ-सीझनला बॉयलरच्या ईएसपीकडची (धुरातली राख पकडणाऱ्या यंत्राकडची) उरलेली लाइन करायची आहे. ऑर्डर तीच : हॉट-डिप लॅडर, उभा, सपोर्ट दर दीड मीटरवर. रुंदी मात्र एक माप वरची घेतोय, कारण मिल हाऊसच्या लाइनमध्ये नवीन पंपाच्या केबलला जागा शोधताना आताच दमछाक झाली.