गावच्या कृषी केंद्राचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या कृषी केंद्रात मृगाच्या तोंडावर मी सोयाबीनच्या तीन पिशव्या घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने पैशांना हात लावण्याआधी विचारले, "काकाजी, घरचं बियाणं आहे ना? मग आधी उगवण तपासा." सोयाबीनचे वाण सरळ (म्हणजे संकरित नसलेले) असल्याने घरचे बियाणे चालते, 100 दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवावेत आणि 70 किंवा अधिक उगवले तर एकरी 30 किलो पेरावे, असे त्याने समजावले. सहा दिवसांनी पोते उलगडले, तर 78 दाण्यांना चांगले कोंब होते. तीन पिशव्यांची विक्री बुडाल्याचे त्याच्या चेहऱ्यावर मात्र दिसले नाही. कपाशीच्या 475 ग्रॅमच्या पाकिटाचे लॉट क्रमांकासह पक्के बिल न मागता मिळाले (बियाणे उगवले नाही तर तक्रारीला तेच कामी येते; गेल्या साली दुसरीकडे साध्या चिठ्ठीवर माल घेऊन मी हात चोळत बसलो होतो). उधारी अजिबात नाही, आणि पेरणीच्या दिवसांत काउंटरवर एकटाच माणूस असल्याने तासभर ताटकळावे लागते. खतही तिथूनच घेणार आहे.