शिक्का नसलेला जामीन अर्ज: फौजदारी वकील नेमताना झालेली फसवणूक

माझा धाकटा भाऊ एका खासगी आस्थापनेत हिशेब लिहीत असे. जून २०२५ मध्ये मालकाच्या फिर्यादीवरून त्याच्यावर अपहार आणि बनावट दस्तऐवज केल्याचा गुन्हा दाखल झाला. भारतीय न्याय संहितेची कलम ३१६(४) आणि ३३६(३) ही दोन कलमे लावण्यात आली. दोन्हींना जास्तीत जास्त सात वर्षांची शिक्षा आहे. तो दोषी आहे की नाही हे न्यायालय ठरवील आणि त्याबद्दल मी येथे एक शब्दही लिहिणार नाही. त्याच्या बचावासाठी आम्ही ज्या वकिलाला नेमले त्याने आम्हाला कसे फसवले आणि ते आमच्या लक्षात यायला दोन महिने का लागले, एवढेच मला सांगायचे आहे. अशा वेळी माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेल्या माणसाला काय विचारावे हे सुचत नाही. मलाही सुचले नव्हते.

अटकेच्या रात्री आम्ही पोलीस ठाण्याबाहेर उभे होतो. तेव्हा एक गृहस्थ स्वतःहून जवळ आले आणि म्हणाले, "ताई, काळजी करू नका, आमचे साहेब अशीच प्रकरणे बघतात." आपण साहेबांचे क्लार्क आहोत असे त्यांनी सांगितले. त्या क्षणी हा माणूस मला देवासारखा वाटला. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार वकिलाने दलाल किंवा मध्यस्थ ठेवून अशिले मिळवणे हाच मुळात गैरवर्तणुकीचा प्रकार आहे, हे मला फार उशिरा कळले. ठाण्याच्या दारात, रुग्णालयात किंवा तुरुंगाच्या फाटकाशी कोणी आपणहून वकिलाचे नाव पुढे करीत असेल, तर तेथेच थांबावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलांच्या कार्यालयात बैठक झाली. त्यांनी एफआयआर मागितली नाही, कलमे विचारली नाहीत आणि भावावर पूर्वी काही गुन्हा आहे का, त्याला काही आजार आहे का, हेही विचारले नाही. "पंधरा दिवसांत बाहेर काढतो, माझी गॅरंटी," एवढेच ते बोलले. एकूण रक्कम सांगितल्यावर त्यांनी वर अशी सवलत दिली की अर्धी आता द्या आणि उरलेली अर्धी जामीन झाला तरच द्या. आम्हाला ही अट आमच्याच फायद्याची वाटली आणि तिच्यामुळेच आमचा विश्वास बसला. वास्तविक निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास वकिलांना याच नियमांनी मनाई आहे, आणि जामीन देणे न्यायाधीशांच्या हाती असल्यामुळे त्याची हमी कोणताही वकील प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून मी पैसे रोखीने दिले. पावती मागितली तेव्हा "आपल्यात पावती कसली?" असे उत्तर मिळाले आणि मी गप्प बसले. कोरे वकीलपत्र, म्हणजे वकिलाला आपल्यातर्फे उभे राहण्याचा अधिकार देणारा कागद, भावाच्या सहीसाठी पाठवले गेले. त्यावर खटल्याचा क्रमांक नव्हता, न्यायालयाचे नाव नव्हते आणि कोणत्या कामासाठी नेमणूक आहे याचा उल्लेखही नव्हता.

फी ठरवताना नेमके काय विचारायला हवे होते, हे मला आता ठाऊक आहे. ही फी केवळ जामीन अर्जापुरती आहे की दोषारोपपत्रापासून निकालापर्यंतच्या खटल्याची? खालच्या न्यायालयात अर्ज फेटाळला गेला तर सत्र न्यायालयातील अर्ज यातच धरला आहे का? तारखेला स्वतः वकील उभे राहणार की ज्युनिअर? टायपिंग, नकला आणि मुद्रांकाचा खर्च कोणाचा? या प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून त्याखाली सही मागितली, तर चांगल्या वकिलाला राग येत नाही. ज्याला राग येतो, त्याच्याविषयी आपल्याला तेथेच पुरेसे कळते.

याहून मोठी चूक माझ्या ध्यानात फार नंतर आली. या खटल्यात अशील माझा भाऊ होता, मी नव्हे. पैसे कुटुंबाने दिले तरी वकिलाची बांधिलकी आरोपीशी असते, आणि आरोपीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय उघड न करण्याचे बंधन भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ने वकिलावर घातले आहे. त्यामुळे वकील नातेवाइकांना सगळेच सांगणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण ज्याचा बचाव करायचा त्याला तरी त्याने भेटलेच पाहिजे. आमच्या वकिलांनी भावाची तुरुंगात एकदाही भेट घेतली नाही. "मला कोणीच भेटायला आले नाही, ताई," असे तो मुलाखतीच्या वेळी दोनदा म्हणाला आणि मी त्याला दोन्ही वेळा धीर धरायला सांगितले.

भावाला प्रथम ९ जून रोजी दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले. १३ जूनपर्यंत पोलीस कोठडी मिळाली आणि त्यानंतर न्यायालयीन कोठडी सुरू झाली, तिची मुदत दर चौदा दिवसांनी वाढत राहिली. या काळात वकिलांकडून मिळणारी उत्तरे मी वहीत लिहून ठेवत असे. अर्ज टाकला आहे. तपास अधिकाऱ्याचा से, म्हणजे अर्जावरचे लेखी म्हणणे, यायचा आहे. सरकारी वकील रजेवर आहेत. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामांच्या यादीत, काम उशिरा आले, पुढची तारीख मिळाली. यांतील प्रत्येक कारण न्यायालयात खरोखर घडत असते, आणि म्हणूनच ते खोटे आहे असे सामान्य माणसाच्या मनात येत नाही. जुलैच्या अखेरीस वकिलांनी "वर काही द्यावे लागेल" असे सांगून आणखी रक्कम मागितली. मी ती दिली नाही, पण खरे सांगायचे तर तत्त्वासाठी नव्हे, माझ्याकडे तेव्हा पैसेच उरले नव्हते म्हणून. लोकसेवकावर वजन टाकण्याच्या नावाखाली पैसे घेणे हा भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाखालील गुन्हा आहेच, पण असे पैसे देणाराही २०१८ च्या दुरुस्तीनंतर गुन्हेगार ठरू शकतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळे लिहायला बसले तिच्याकडे येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७(३) नुसार, दहा वर्षे किंवा त्याहून अधिक कारावास, जन्मठेप अथवा मृत्युदंड असलेल्या गुन्ह्यांत नव्वद दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत साठ दिवसांत तपास पूर्ण होऊन दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर जामीन देण्यास तयार असलेल्या आरोपीला जामिनावर सुटण्याचा हक्क मिळतो. पुरावा किती भक्कम आहे हा प्रश्न तेथे येतच नाही. दिवसांची मोजणी अटकेपासून होत नाही, पहिल्या रिमांडपासून, म्हणजे दंडाधिकाऱ्यांनी प्रथम कोठडी दिली त्या दिवसापासून, होते, आणि रिमांडचा तो दिवसही मोजायचा असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र हा हक्क आपोआप अमलात येत नाही. दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज करावा लागतो, आणि ते एकदा दाखल झाले की न मागितलेला हक्क हातातून जातो.

भावावरच्या दोन्ही कलमांना जास्तीत जास्त सात वर्षे असल्याने आम्हाला साठ दिवसांची मुदत लागू होती. आमचे दिवस मी नंतर दिनदर्शिकेवर बोट ठेवून मोजले. जूनचे बावीस, जुलैचे एकतीस, आणि ऑगस्टच्या सात तारखेला साठ पूर्ण. आठ ऑगस्ट, शुक्रवार हा एकसष्टावा दिवस होता आणि योगायोगाने त्याच दिवशी भावाची कोठडी वाढवण्याची तारीख होती. तुरुंगातून दूरदृश्य प्रणालीद्वारे तो न्यायाधीशांसमोर मिनिटभर दिसला. आमचे वकील हजर नव्हते. पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले ते मंगळवारी, १२ ऑगस्टला. म्हणजे शुक्रवार आणि सोमवार असे कामकाजाचे दोन पूर्ण दिवस हाती असताना एक पानाचा अर्ज कोणी केला नाही. या जामिनासाठी लेखी अर्जच लागतो असेही नाही, तोंडी मागणीही चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे. माझा भाऊ पडद्यावर उभा होता, त्याला ते एक वाक्य ठाऊक असते तर तो स्वतः बोलू शकला असता. ज्याचा माणूस कोठडीत आहे अशा प्रत्येकाने पहिल्या रिमांडची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी, आणि साठ की नव्वद हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारावे.

हे सारे मला कळले ते १८ ऑगस्टला, न्यायालयाच्या फायलिंग विभागाच्या खिडकीवर. अर्जाचे काय झाले हे स्वतः विचारावे म्हणून मी गेले होते. तेथील कर्मचाऱ्यांनी अर्जाचा क्रमांक मागितला. माझ्याजवळ क्रमांक नव्हता, वकिलांनी पाठवलेला अर्जाच्या पहिल्या पानाचा फोटो होता. त्यांनी तो मोबाइलवर मोठा करून पाहिला आणि बोटाने वरचा कोपरा दाखवला. दाखल झालेल्या अर्जावर तेथे शिक्का, तारीख आणि क्रमांक असतो. आमच्या अर्जावरचा तो कोपरा पूर्ण कोरा होता. "बाई, हा टाइप केलाय, दाखल केलेला नाही," असे ते शांतपणे म्हणाले. त्यांनी संगणकावर भावाच्या नावाने शोधून पाहिले. रिमांडचे प्रकरण होते, दोषारोपपत्र होते, पण जामीन अर्ज एकही नव्हता.

जे मला त्या खिडकीवर कळले ते मी पहिल्या पंधरवड्यातच घरी बसून पाहू शकले असते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आणि मोबाइल अॅपवर पक्षकाराच्या नावावरून किंवा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांकावरून प्रकरणाची स्थिती, पुढची तारीख आणि बहुतेक वेळा आदेशही दिसतात. एफआयआरची प्रत तर संवेदनशील गुन्हे वगळता पोलिसांच्या संकेतस्थळावरच मिळते. वकिलाने केलेल्या जवळजवळ प्रत्येक कामाची न्यायालयात काही ना काही नोंद राहते, मग ती अर्जाचा क्रमांक असो, रोजनाम्यातील, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीतील, हजेरी असो वा आदेशाची नक्कल. वकील काय सांगतात यापेक्षा या नोंदीत काय आहे हे पाहण्याची सवय मला आधी असती, तर आठ ऑगस्ट वाया गेला नसता.

फायलिंग विभागातूनच कोणीतरी मला मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवले. मोफत वकील म्हणजे सरकारी वकील, आणि तो पोलिसांच्याच बाजूचा, असा माझा समज होता. तो साफ चुकीचा आहे. सरकारी वकील फिर्यादी पक्षातर्फे उभे राहतात, तर विधी सेवा प्राधिकरणाने दिलेले वकील आरोपीचेच असतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीत असलेली व्यक्ती अशा वकिलाला पात्र ठरते आणि तिच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. आम्हाला मिळालेल्या वकील मॅडमनी पहिल्या भेटीत माझ्याशी दहा मिनिटे बोलून उरलेला वेळ कागद वाचण्यात घालवला आणि तिसऱ्या दिवशी त्या तुरुंगात जाऊन भावाला भेटल्या. त्यांनी गॅरंटी दिली नाही. "मुदतीचा जामीन गेला, आता गुणवत्तेवर, म्हणजे प्रकरणातील पुरावा आणि परिस्थिती पाहून, मागावा लागेल, आणि तो नाकारलाही जाऊ शकतो," असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ते ऐकताना मला रडू आले, पण दोन महिन्यांत प्रथमच कोणीतरी खरे बोलत आहे हेही जाणवले.

जुन्या वकिलांनी ना-हरकत देण्यास नकार दिला आणि उरलेली अर्धी फी दिल्याशिवाय कागदपत्रेही मिळणार नाहीत असे बजावले. अशा वेळी बहुतेक कुटुंबे हताश होऊन पैसे देतात. तसे करण्याची गरज नाही. फीसाठी अशिलाची फाईल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवले आहे, आणि पूर्वीच्या वकिलाची संमती मिळाली नाही तर नवे वकील कारण देऊन न्यायालयाच्या परवानगीने उभे राहू शकतात. मॅडमनी तसाच अर्ज दिला. सत्र न्यायालयात जामीन मिळाला तो १८ सप्टेंबरला, अटी आणि जामीनदारासह. आठ ऑगस्टपासून मोजले तर मधले एकेचाळीस दिवस भावाने केवळ एका न केलेल्या अर्जापायी कोठडीत काढले.

ग्राहक मंचात दाद मागावी असे अनेकांनी सुचवले. तो मार्ग आता बंद आहे, कारण वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. राहते ती अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे करायची तक्रार. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ही कौन्सिल एकच आहे. दोष सिद्ध झाल्यास समिती वकिलाला समज देऊ शकते, ठरावीक काळासाठी निलंबित करू शकते किंवा सनद काढून घेऊ शकते. मी प्रतिज्ञापत्रासह तक्रार दाखल केली असून ती प्रलंबित आहे. तिला जोडण्यासाठी माझ्याकडे रोख रकमेची एकही पावती नव्हती. "अर्ज टाकला आहे" असे सांगणारे अकरा संदेश, उत्तरे टिपलेली वही आणि कोरा कोपरा असलेल्या त्या पानाचा फोटो, एवढेच मी जोडू शकले.