दिंडीतून केलेली पहिली वारी : भिशी, राहुटी, जेवण सगळं सांगते

दोन वर्षं मी पुणे ते सासवड एवढंच मोकळं चालले होते, यंदा मात्र आळंदी ते पंढरपूर पूर्ण केली आणि तीही दिंडीतून. ओळखीतले सगळे विचारतायत कसं असतं म्हणून लिहिते.

आधी एक, मला इतकी वर्षं वाटायचं पालखीबरोबर चालणारी सगळी गर्दी म्हणजे दिंडी. तसं नाहीये. सगळा मिळून तो सोहळा, आणि त्यातला आपला जो गट, पताका पुढे, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, तेवढी ती दिंडी. फड (म्हणजे एका परंपरेतल्या वारकऱ्यांचा मोठा समूह) त्याहून मोठा, एका फडात बऱ्याच दिंड्या असू शकतात. प्रत्येक दिंडीला नंबर असतो, माउलींच्या रथापुढे 27 आणि बाकीच्या सगळ्या मागे, त्यामुळे वाटेत कोणी भेटलं की नावगाव नंतर, आधी "माउली, कितवी दिंडी? रथापुढं का मागं?"

हा नंबर पाठ करा खरंच. दिवे घाट चढून झाल्यावर मी पाय चेपत बसले आणि आमची माणसं पुढे निघून गेली, तर चहावाल्या काकांनी चेहरा बघूनच विचारलं, "दिंडी चुकली का ताई?" मी नंबर सांगितला, त्यांनी दोघातिघांना विचारून सासवडला आमचा ट्रक कुठल्या शेतात लागलाय ते सांगितलं. पोचले तेव्हा रात्रीचे साडेनऊ, आणि माझं ताट झाकून ठेवलेलं. तेव्हा मला दिंडी म्हणजे काय ते नीट कळलं.

भिशी (म्हणजे जे पैसे भरतो ते) चार हजार घेतली, त्यात सकाळचा चहा, दोन वेळचं जेवण, सामानाला ट्रक आणि राहुटीत (तंबूत) झोपायला जागा. जेवण मनापासून आवडलं, पिठलं-भाकरी, आमटी-भात, साधंच पण गरम आणि पोटभर. राहुटी मात्र लोणंदला गळली, अंथरूण ओलं झालं, आणि बायकांच्या आंघोळीला नीट आडोसा नव्हता, पहाटे तीनला उठून अंधारात उरकावं लागायचं. हे सुधारायलाच पाहिजे, आमच्यात साठीच्या पुढच्या कितीतरी मावश्या होत्या.

समाज आरती चुकवू नका. संध्याकाळी तळावर (मुक्कामाच्या मैदानात) चोपदारांनी, म्हणजे सोहळ्याची शिस्त बघणाऱ्यांनी, हातातला चोप (दंड) उंच केला की एवढे हजारो टाळ एकदम गप्प होतात, आणि ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिथे येऊन विचारतात. एकदा आमच्याकडे टँकर आला नव्हता तर आमचेच टाळ वाजत राहिले, माझ्या अंगावर काटा आला, एवढ्या मोठ्या सोहळ्यात आमच्या दीडशे माणसांचं पाणी कोणीतरी थांबून ऐकून घेतलं.

पुढच्या वर्षीचं नाव मी वाखरीलाच (पंढरपूरच्या आधीचा शेवटचा मुक्काम) देऊन आले. तुम्ही जाणार असाल तर भिशी भरण्याआधी विचारा, टँकर स्वतःचा आहे का आणि बायकांची राहुटी वेगळी आहे का, बाकी नीट होतं सगळं.