फिरत्या ड्युटीतला डबा, थर्मास आणि वजनकाटा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वस्तू तीन. ओट्यावर ठेवायचा डिजिटल वजनकाटा, ५ किलोपर्यंतचा आणि १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. स्टीलचे तीन डबे बसणारा गरम टिफिन. अर्ध्या लिटरचा थर्मास. तिन्ही मिळून दोन हजारांच्या आसपास जातात. हॉस्पिटलात नर्सच्या मॉर्निंग, इव्हनिंग, नाइट अशा फिरत्या ड्युट्यांत आठ महिने रोज वापरून झाल्यावर हे लिहितोय. निकाल आधीच सांगून टाकतो: वजन उतरवायला खरा कामी आला तो चारशे रुपयांचा काटा. टिफिन बरा आहे, पण ‘सकाळी भरा, दुपारी गरम खा’ हे खोक्यावरचं आश्वासन जसंच्या तसं धरून चालू नका. आणि नाइटला तो घरीच राहू द्या.

काट्यापासून सुरुवात करतो. ‘दिवसभर पायाला भिंगरी, तरी वजन वाढतंच कसं?’ हा प्रश्न कुठल्याही ड्युटी रूममध्ये ऐकू येतो. एक वडापाव आणि गोड चहा घेतला की वॉर्डातलं बरंचसं चालणं तिथंच फिटतं, हे त्याचं उत्तर. पेल्याला दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम, ४० कॅलरी. हँडओव्हरचा (ड्युटी बदलतानाचा), राउंडनंतरचा, जेवणानंतरचा, रात्री दोनचा असे सहा चहा झाले की ६० ग्रॅम साखर, २४० कॅलरी, दूध वेगळं. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम असं सांगते. मशीनच्या चहात साखर बहुधा पावडरीतच असते, त्यामुळे तो मोजताही येत नाही. थर्मास घेतला तो यासाठी: घरून बिनसाखरेचा किंवा पेल्यामागे अर्धा चमचा साखरेचा चहा, दोन पेले, बस्स. जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्या. चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही, आणि हिमोग्लोबिन कमी असलेल्या सिस्टर काही थोड्या नाहीत.

काट्याचा सगळ्यात मोठा उपयोग तेलाला होतो. तेलाची बाटली काट्यावर ठेवा, शून्याचं बटण दाबा, फोडणीपुरतं तेल कढईत ओता आणि बाटली परत काट्यावर ठेवा. उणे १८ दिसलं तर १८ ग्रॅम तेल गेलं, म्हणजे १६० कॅलरी. चौघांची भाजी असेल तर हे ठीक आहे. दोघांची असेल तर जास्त झालं. माणशी एका भाजीला ५ ग्रॅम एवढ्यात फोडणी नीट बसते, फक्त कढई जाड बुडाची हवी आणि कांदा परतताना तेलाऐवजी पाण्याचा हबका मारायचा. पळीचं माप विसरा, प्रत्येक घरची पळी वेगळी. तेलानंतर दाण्याचं कूट पाहा. कोशिंबिरीवर सढळ हाताने टाकलेलं कूट सहज १५ ग्रॅम भरतं, म्हणजे जवळपास ८० कॅलरी. ‘नुसती काकडी तर खाते’ म्हणणाऱ्यांच्या वाटीत बऱ्याचदा एवढं कूट असतं.

धान्य आणि डाळ नेहमी कच्ची मोजा. इथे नव्याने काटा घेणारे हमखास चुकतात. ३० ग्रॅम तांदळाचा भात ८० ते ९० ग्रॅम होतो. शिजलेला भात मोजून त्याला कच्च्या तांदळाचा आकडा लावला की हिशेब अडीच-तीन पटींनी फुगतो. उलटं केलं तर तेवढाच आकसतो, आणि मग ‘बाराशे कॅलरी खाऊनही वजन हलत नाही’ अशी तक्रार सुरू होते. मोबाइलमधल्या कॅलरीच्या अ‍ॅपवर ‘भाकरी, १ नग’ म्हणून जे येतं ते कुणाच्या तव्यावरचं, कोण जाणे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते आहेत. त्यात ५२८ पदार्थ आहेत आणि आकडे कच्च्या जिनसांचे आहेत. ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, ४.१८४ ने भागलं की कॅलरी. आपल्याला रोज लागणारे दहा-बारा आकडे एकदा काढून फ्रिजच्या दारावर चिकटवले की अ‍ॅपची गरज उरत नाही.

मॉर्निंगचा डबा असा बसतो. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठाची एक, अशा दोन भाकऱ्या: साधारण ३३५ कॅलरी, १० ग्रॅम प्रथिनं. कोरडी ४० ग्रॅम मटकी भिजवून, मोड आणून, ५ ग्रॅम तेलात केलेली उसळ: १६५ कॅलरी, ८ ग्रॅम प्रथिनं. दीडशे ग्रॅम काकडी किंवा टोमॅटोची कोशिंबीर, कूट १० ग्रॅम, दही १०० ग्रॅम. सगळं मिळून साडेसहाशेच्या आत-बाहेर, प्रथिनं पंचवीसच्या जवळ. हे भरपेट जेवण आहे. पोळीवाल्यांसाठी: कणकेचा ५० ग्रॅमचा गोळा म्हणजे सुमारे ३० ग्रॅम पीठ, १०० कॅलरी. घडीत लावलेलं तेल २ ग्रॅम धरा. तीन पोळ्या दोन भाकऱ्यांच्या जागी चालतात. कोशिंबिरीत कच्चा कांदा घालायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. त्यानंतर चार तास मास्कच्या आत आपलाच श्वास आपल्यालाच घ्यायचा असतो.

काट्याचे दोष. दोन मिनिटं हात लावला नाही की तो आपोआप बंद होतो आणि मधलं वजन पुसलं जातं. पीठ मोजता मोजता फोन घेतला की पहिल्यापासून. पायाखाली साखरेचा दाणा अडकला तर आकडा हलत राहतो. मिक्सर चालू असताना त्याच ओट्यावर मोजू नका. सेल उतरायला लागले की काटा तसं सांगत नाही, नुसता चुकीचं दाखवू लागतो. तपासायची सोपी रीत नर्सला सांगायची गरज नाही: नव्या ५० मिलीच्या सिरिंजने वाटीत पाणी सोडा, ५० ग्रॅम भरलं पाहिजे. ४९ ते ५१ चालेल. ४६ दिसलं तर सेल बदला. २ ग्रॅमच्या खालचं काही यावर मोजू नका. मीठ थेट चिमटीने मोजायला गेलात तर शून्यच दिसतं.

आता टिफिन. बाजारात दिसायला सारखे दोन प्रकार असतात. एकात दुहेरी स्टीलच्या मध्ये निर्वात पोकळी, दुसऱ्यात स्टीलचे साधे डबे आणि बाहेर फोम भरलेलं प्लास्टिकचं आवरण. आमच्याकडचा दुसरा. स्वस्त असतो, दुकानात मांडलेले बहुतेक तेच असतात. शिजलेलं अन्न एकतर ६० अंशांच्या वर गरम राहायला हवं, नाहीतर ५ अंशांच्या खाली गार. मधल्या तापमानात जंतू वाढतात, आणि फोमचा डबा अन्न नेमकं तिथं नेऊन ठेवतो. साडेसहाला उकळती भरलेली उसळ साडेदहापर्यंत ६० च्या आसपास टिकते. जेवण होतं दीड-दोनला, तेही पेशंट सुटला तर. तोवर ती कोमट होऊन बसलेली असते. मे महिन्यात मटकीला आंबूस वास येतो तो यामुळेच. भाताचं त्याहून वाईट, कारण भातातल्या बॅसिलस सिरियस या जंतूचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही आणि वासही येत नाही.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे डबा आधी तापवणं. उकळतं पाणी काठोकाठ भरून झाकण लावून दहा मिनिटं ठेवायचं, ओतून टाकायचं आणि लगेच उकळतं अन्न तोंडापर्यंत भरायचं. अर्धा रिकामा डबा पटकन निवतो. याने तास-दीड तास वाढतो, जास्त नाही. दुसरा उपाय आम्हाला जास्त पटला: रात्रीच उसळ करून पसरट भांड्यात लवकर गार करायची, फ्रिजमध्ये ठेवायची, सकाळी साध्या स्टीलच्या डब्यात गारच न्यायची, पँट्रीच्या फ्रिजमध्ये ठेवून जेवताना वाफ येईपर्यंत गरम करायची. पँट्रीचा फ्रिज म्हटलंय हे लक्षात घ्या. इन्सुलिन आणि लसींच्या फ्रिजमध्ये डबा ठेवायचा नाही, ‘पाच मिनिटं ठेवते’ म्हणूनही नाही. सतत दार उघडलं की आतलं २ ते ८ अंशांचं तापमान ढळतं, आणि इन्स्पेक्शनला आधी तोच फ्रिज उघडतात.

भाकरी या टिफिनमध्ये ठेवूच नका. गरम ठेवली की वाफेने खालची लिबलिबीत होते, आणि एसीत उघडी राहिली की वातड. पीठ उकळत्या पाण्यात भिजवून, झाकून दहा मिनिटं ठेवून मग मळलं तर भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते. तव्यावरून काढली की जाळीवर पाच-सात मिनिटं वाफ जाऊ द्यायची, सुती फडक्यात चार घड्या करून साध्या डब्यात ठेवायची. तसंही टिफिनमधल्या डब्याचा घेर इतका लहान की हातावरची भाकरी दुमडल्याशिवाय जातच नाही.

नाइटला खायचं गणित वेगळं. रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही. तेच जेवण रात्री दोनला घेतलं तर रक्तातली साखर दुपारपेक्षा जास्त चढते. बॉस्टनमध्ये १९ निरोगी तरुणांवर केलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. कृत्रिम नाइट ड्युटीत ज्यांना रात्रीही खायला दिलं त्यांची साखर वाढली, ज्यांनी फक्त दिवसा खाल्लं त्यांची नाही. बारा तासांच्या नाइटमध्ये पूर्ण उपाशी राहणं प्रत्येकाला झेपत नाही, म्हणून मधला मार्ग: मुख्य जेवण सातच्या सुमारास घरून निघण्याआधी. एक भाकरी, ३० ग्रॅम डाळीचं वरण, भरपूर भाजी. अकरा-साडेअकराला दोन उकडलेली अंडी, १४० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. अंडी सालासकट न्या, खातानाच सोला. अंडं न खाणाऱ्यांना ५० ग्रॅम पनीर किंवा ३० ग्रॅम फुटाणे. पनीर मात्र फ्रिजमध्येच. फुटाणे ३० ग्रॅम म्हणजे एक मूठ नव्हे, आधी मोजून पुड्या करून ठेवा. बारानंतर पाणी किंवा पेलाभर ताक. तीननंतर चहा-कॉफी नको. कॅफीनचा निम्मा भाग पाच तासांनीही अंगात असतो आणि सकाळी नऊची झोप मोडतो. झोप मोडली की दुपारी उठल्यावर गोड आणि तळलेलं हवंसं वाटतं, तो हावरटपणा नव्हे, भुकेची संप्रेरकंच बिघडलेली असतात. घरी आल्यावर पोहे-उपम्याची अर्धी बशी आणि झोप. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

हे सगळं रुळावर असताना पेढे येतात. डिस्चार्जचे, बारशाचे, १२ मेचा, परिचारिका दिनाचा केक वेगळा. नातेवाइकांना नाही म्हणता येत नाही. पेढा घ्या, रिकाम्या डब्यात टाका, घरी काट्यावर ठेवा आणि चौघांत वाटा. ट्रॉलीजवळ उभ्याने तोंडात टाकलेल्याचा हिशेब कुणाच्याच लक्षात राहत नाही.

वजनाचं म्हणाल तर महिन्याला अर्धा ते एक किलो, एवढीच अपेक्षा ठेवा. याहून वेगाने उतरवायला गेलात तर डबल ड्युटीला हातपाय गळतात, आणि बाराशे कॅलरीच्या खाली तर जाऊच नका. नाइटहून आल्या आल्या वजन करू नका. रात्रभर उभं राहून पायाला सूज असते, वजन जास्त दिसू शकतं. पाळीच्या आधीही तसंच. नाइट ऑफनंतरच्या दुसऱ्या सकाळी, उपाशीपोटी, महिन्यातून चार वेळा मोजा आणि सरासरी धरा. कमरेला टेपही लावा: बायकांसाठी ८० सेंटिमीटर, ब्रदर म्हणजे पुरुष नर्सांसाठी ९० ही आपल्याकडची मर्यादा आहे. बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाची) रेघही आपल्यासाठी २५ ऐवजी २३ ला आहे, त्यामुळे परदेशी अ‍ॅपने ‘नॉर्मल’ म्हटलं तरी हुरळून जाऊ नका.

गुण द्यायचे तर काट्याला पाचपैकी साडेचार, थर्मासला चार, टिफिनला अडीच. टिफिन रिकामाच किलोच्या वर भरतो, लोकलच्या रॅकवर आडवा झाला की ताक गळतं. इव्हनिंग ड्युटी असेल आणि बाराला भरून चारला खायचं असेल तर मात्र तो नेमका कामाचा. घेतलात तर झाकणातली सिलिकॉनची रिंग दर आठवड्याला चमच्याच्या दांड्याने काढून गरम पाण्यात सोडा घालून धुवा, पूर्ण वाळवूनच बसवा. खाचेत काळी बुरशी धरते आणि वरून काही दिसत नाही. गरम भरलेल्या डब्याचं झाकण दुपारी निघेना झालं तर सुरी घालू नका, वरचं छोटं बूच उचला, हवा आत गेली की सुटतं. रिंग सहा महिन्यांत सैल होते. सुटी मिळते का ते डबा घेण्याआधीच दुकानदाराला विचारा, आमच्या डब्याची मिळाली नाही.