पोलिसांच्या डीईची (खात्यातल्या चौकशीची) कामं करणारं वकील ऑफिस, सीबीएस, नाशिक (४ स्टार)

रिव्ह्यू मी लिहितेय कारण आमच्या ह्यांना नोकरीमुळे स्वतः लिहिता येत नाही. हे पोलीस हवालदार, कुठल्या पोलीस स्टेशनला ते विचारू नका. ऑफिसचं नावही टाकत नाही, सीबीएसला जिल्हा कोर्टाच्या आसपास कुठल्याही झेरॉक्सवाल्याला विचारा पोलिसांच्या डीईची कामं करणारे वकील कुठे बसतात, तो बोट दाखवेल.

झालं असं की बंदोबस्ताला गैरहजर म्हणून ह्यांचा कसुरी अहवाल (ड्युटीत चूक केल्याचा रिपोर्ट) वर गेला, त्या दिवशी हे दवाखान्यात सलाईन लावून पडलेले आणि सिक रिपोर्ट फोनवर कळवलेला, पण स्टेशन डायरीत नोंदच नाही. मग शो कॉज, म्हणजे कारणे दाखवा नोटीस आली, एक वर्ष इन्क्रिमेंट का रोखू नये म्हणून. माझे दीर नाशिकरोडला सरकारी छापखान्यात, प्रेसमध्ये आहेत, तिथे असं काही आलं की युनियनचा माणूस शेजारी येऊन बसतो. इथे पोलिसांना युनियनच नाही, कोण बसणार? सोबतचे लोक म्हणले दोन ओळींचा माफीनामा लिहून दे, मिटेल. वकिलांनी तो वाचून बाजूला ठेवला, म्हणले हे दिलं तर गैरहजेरी तुम्हीच कबूल केली असं होतं, आणि दवाखान्याचे कागद, फोनचं कॉल डिटेल जोडून मुद्देसूद उत्तर काढून दिलं. शेवटी इन्क्रिमेंट वाचलं, सक्त ताकीदवर मिटलं. उत्तराचे तीन हजार घेतले. दिले, पण दीर वर्षाला युनियनची वर्गणी किती भरतात ते आठवून जरा जीवावर आलं.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे हा माणूस उगाच घाबरवत नाही आणि खोटी आशापण देत नाही. ह्यांच्या बॅचमधल्या एकाला निलंबित केलेलं, तो तर नोकरी गेली असंच धरून बसलेला. त्याला समजावलं की निलंबन म्हणजे शिक्षा नाही, निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण अर्धा पगार, आणि ९ जुलै २०१९ चा जीआर आहे, ९० दिवसांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन मागे घ्यावं लागतं. बडतर्फ करायचं तर घटनेच्या ३११ कलमामुळे आधी चौकशी लागते, आणि लगेच हेपण सांगितलं की त्यातच ३११(२)(ब) आहे, चौकशी करणं व्यवहार्य नाही असं कारण लिहून साहेब थेट घरी पाठवू शकतात. दुसरा कुणी वकील असता तर हे शेवटचं सांगितलंच नसतं, आधी ॲडव्हान्स घेतला असता.

तिथेच बाकावर एका तरुण शिपायाने विचारलं, आपणच संघटना काढली तर? वकील म्हणले १९६६ चा केंद्राचा कायदा वाच आधी, परवानगीशिवाय युनियनमध्ये गेलास तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पेपरात काही छापून आणायलाही बंदी. केरळात पोलिसांची असोसिएशन आहे, चक्क निवडणुका होतात, पण ती मान्यता घेऊन. आपल्याकडेही होती की संघटना, ऑगस्ट १९८२ ला तिची मान्यता काढली आणि मुंबईत पोलीसच रस्त्यावर उतरले, लष्कर बोलवावं लागलं. सासरे अजून तो विषय निघाला की आवाज खाली करतात. आता सिंहस्थाचा बंदोबस्त लागणार, रजा बंद होणार, तेव्हा ह्या बाकावर जागा मिळणार नाही बघा.

एक स्टार कापला तो वकिलांच्या मुन्शीमुळे, म्हणजे कारकुनामुळे. फोन उचलत नाही, साहेब कोर्टात आहेत म्हणून बसवून ठेवतो, आणि आल्याआल्या मॅटचं (सरकारी नोकरांच्या केसेस चालतात ते महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) पण पॅकेज करून टाका म्हणतो. काही गरज नाही. आधी खात्यात अपील करायचं असतं, त्याचा निकाल सहा महिने आला नाही तर मॅटचा रस्ता उघडतो, आणि अंतिम ऑर्डर झाली की एक वर्षात जावं लागतं. शिवाय नाशिकला मॅट नाही, मुंबईला जायचं म्हणजे वकिलाचा प्रवासखर्च तुमच्याच डोक्यावर. हे खुद्द वकिलांनीच सांगितलं, मुन्शीच्या समोर, त्याचं तोंड बघण्यासारखं झालेलं.

पार्किंग नाहीच. संध्याकाळी सहानंतर जा, कोर्ट सुटलेलं असतं. जाताना शो कॉज ज्या तारखेला हातात मिळाली ती पोच, सेवा पुस्तकाची झेरॉक्स आणि ड्युटीचे कागद न्या, आणि शक्यतो साध्या कपड्यात जा, समोरच्या चहाच्या टपरीवर खात्यातलेच लोक उभे असतात.