जिल्हा परिषद की इंग्रजी माध्यम? आधी पट मोजा

तालुक्याच्या आसपास राहणाऱ्या पालकांपुढे पहिलीच्या वेळी बहुधा दोनच वाटा असतात: चालत जाता येईल अशी जिल्हा परिषदेची शाळा, नाहीतर व्हॅनने गाठायची स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय फीवर चालणारी, इंग्रजी शाळा. टाय-बूट आणि गॅदरिंग बघून यातलं काहीच कळत नाही.

जि.प. शाळेत आधी पट, म्हणजे एकूण मुलं किती, ते विचारा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत 60 मुलांना 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3. चौथीपर्यंतच्या शाळेचा पट 45 असेल तर एकेका गुरुजींकडे दोन-दोन वर्ग. एक जण प्रशिक्षणाला गेले की चारही वर्ग दुसऱ्याच्या अंगावर. त्यात संचमान्यतेला, म्हणजे शाळेला शिक्षकांची पदं किती हे ठरवताना, आधार जुळलेलीच मुलं धरली जातात. हजेरीपटावर 62 नावं आणि तिघांचं आधार जुळत नाही, तर तिसरं पद धोक्यात. पद गेलं की पालक मुलं काढतात, पट आणखी घसरतो. शाळा बिघडते ती बहुतेकदा अशी. गुरुजी वाईट असतात म्हणून नव्हे.

इंग्रजी शाळेत वर्गाला वेगळी शिक्षिका असते, हा खरा फायदा. पण त्यांचं डीएड किंवा बीएड झालंय का, आणि वर्षाच्या मधेच किती जणी सोडून गेल्या, हे विचारा. पगार तुटपुंजा असला की वर्गशिक्षिका सारखी बदलते. घरी इंग्रजी नसेल तर मूल फळ्यावरचं सुबक उतरवतं, अर्थ मात्र लागत नाही. मग दुसरीपासूनच शिकवणी. खर्च मोजताना फीसोबत व्हॅन, पुस्तकं, गणवेश धरा. जि.प.त पुस्तकं आणि पोषण आहार मोफत आहेत, आणि अनेक शाळांत सेमी-इंग्रजीही आहे.

गुणवत्ता तपासायला दहा मिनिटं पुरतात. दोन्हीकडच्या तिसरीतल्या चार-पाच मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला द्या, गोष्ट आपल्या शब्दांत सांगायला लावा, एक हातच्याची वजाबाकी द्या. मुलं तुम्ही निवडा, शाळेला निवडू देऊ नका. असर या ग्रामीण शिक्षणाच्या 2024 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीची 23.4 टक्केच मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली. 2022 मध्ये 16.3 टक्के होती. सुधारणा आहे, पण शाळेगणिक फरक प्रचंड.

पुढचे दोन हिशेब बऱ्याच जणांच्या ध्यानातच येत नाहीत. नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेत सहावीला प्रवेश मिळतो, तिच्या ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत व्हावी लागते. त्यात एक दिवसही शहरी हद्दीतल्या शाळेत गेला तर मूल शहरी धरलं जातं. आणि आठवीतल्या परीक्षेवर मिळणारी एनएमएमएस शिष्यवृत्ती, वर्षाला 12,000 रुपयांची, विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना देताच येत नाही.

आमचं मत: दोन शिक्षक टिकून असतील आणि तिसरीची मुलं वाचत असतील, तर पाचवीपर्यंत जि.प. शाळाच घ्या. शाळा चौथीलाच संपत असेल तर पाचवीसाठी जवळची ग्रामीण शाळा आत्ताच बघून ठेवा. एकशिक्षकी शाळा असेल, तर शेजारच्या गावची मोठ्या पटाची जि.प. शाळा आधी पाहा, इंग्रजी माध्यम त्यानंतर.