"फक्त रविवारी या, बी.टेक. घेऊन जा": माझे १,८६,५०० रुपये कसे गेले ते वाचा

हे लिहायला मला चार महिने लागले. लाज वाटत होती, अजूनही वाटते. बायको आणि मोठा भाऊ सोडून कुणाला पूर्ण आकडा माहीत नाही, आईला तर अजून वाटतंय की तिच्या पाटल्या फीसाठी ठेवल्यात आणि पोरगा शिकतोय. पण परवा कंपनीच्या बसमध्ये एक नवीन ट्रेनी पोरगा मोबाईल पुढं करून मला विचारायला लागला, "दादा हे कसं आहे ओ, मॅन्युफॅक्चरिंगमध्ये बी.टेक., रविवारी क्लास, दोन वर्षांत डिग्री", आणि फोटोत तेच मशीन, मला लॅब म्हणून दाखवलेलं. तेच. मला घाम फुटला. त्याला तिथंच सांगितलं, बाकीच्यांसाठी इथं लिहितोय.

मी डिप्लोमा मेकॅनिकल, २०१९ पासआउट, ७४.६२ टक्के. हे मुद्दाम सांगतोय कारण लोक पहिलं हेच म्हणतात की शिकलेला माणूस असा कसा फसतो. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) सेटर होतो, आता क्वालिटीला आहे. तीन शिफ्ट, आठवड्याला एक सुट्टी. चार वर्षांत ज्या पोराला मी वर्क ऑफसेट कसा घ्यायचा, टूल लेंथ कशी घ्यायची हे हाताला धरून शिकवलं तो बी.ई. होता म्हणून दीड वर्षात इंजिनिअर झाला आणि माझ्या लाइनचा इनचार्ज झाला. पोरगा चांगला आहे, त्याच्यावर राग नाही. पण दर इन्क्रिमेंटला एचआर एकच बोलणार, "डिग्री असती तर". दिवसाचं कॉलेज करायचं तर नोकरी सोडावी लागते, आणि घरचा हप्ता कोण भरणार? त्यामुळं "वर्किंग लोकांसाठी" हा शब्द दिसला की माणूस थांबतोच. मी थांबलो.

जून २०२३. जुन्या कंपनीतल्या एका मित्रानं व्हॉट्सॲपवर पाठवलं, तो स्वतः पण ॲडमिशन घेणार होता (त्याचे पण गेले, ९२ हजार). ऑफिस भोसरीच्या बाजूला, मोबाईलच्या दुकानावर दुसरा मजला. काउन्सिलर मॅडम एकदम गोड बोलणार, प्रत्येक वाक्याला "सर". भिंतीवर बाहेरच्या राज्यातल्या एका युनिव्हर्सिटीचं फ्रेम केलेलं पत्र. सांगितलं असं की डिप्लोमा असल्यामुळं डायरेक्ट सेकंड इयर, वर तुमच्या अनुभवाचं क्रेडिट धरून तीन वर्षांचं दोन वर्षांत, आणि "अटेंडन्सचं आम्ही बघतो सर, टेन्शन घेऊ नका".

"अटेंडन्सचं आम्ही बघतो" हे ज्यानं म्हटलं त्याच्या समोरून तिथल्या तिथं उठायचं. पुढचं काही ऐकायचंच नाही.

त्याच सुमाराला बातमी आली होती की एआयसीटीईनं (इंजिनिअरिंग कॉलेजांना मंजुरी देणारी केंद्राची संस्था) २०२३-२४ पासून नोकरी करणाऱ्यांसाठी वेगळ्या वेळेत इंजिनिअरिंगचे वर्ग चालवायला परवानगी दिली. बातमी खरी होती. ह्यांनी त्याच बातमीचं कात्रण मला दाखवलं. आता कळतंय की ती परवानगी आधीच मंजूर असलेल्या कॉलेजला असते, मोबाईलच्या दुकानावरच्या ऑफिसला नसते. पण खऱ्या बातमीत खोटं मिसळलं की वेगळं कसं करायचं? मी बातमी तपासली, ती खरी निघाली, म्हणून मला वाटलं बाकीचंही खरंच असणार.

आता तो दिवस, ज्याच्यामुळं मला रात्री झोप लागत नाही.

पैसे द्यायच्या आधी मीच म्हटलं होतं, लॅब दाखवा. मॅन्युफॅक्चरिंगची डिग्री आहे, वर्कशॉप पाहिजेच. त्यांनी गाडीत घालून एका शेडवर नेलं. आत एक लेथ, एक रेडियल ड्रिल, आणि कोपऱ्यात व्हीएमसी. कंट्रोलर चालू, स्क्रीनवर पोझिशनचे आकडे, त्यांचे सर मोठ्या आवाजात जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या सूचना, समजावून सांगतायत, आम्ही सात-आठ जण उभे. स्क्रीनच्या खालच्या बाजूला "बॅट" ही अक्षरं ब्लिंक होत होती. फानूक कंपनीच्या कंट्रोलरवर काम केलेला प्रत्येक माणूस हे ओळखतो, बॅटरी संपत आलीय, बदला. आमच्याकडं हे दिसलं की शिफ्ट संपायच्या आत मेंटेनन्सवाला येतो, कारण बॅटरी गेली तर पॅरामीटर, म्हणजे मशीनच्या सेटिंग, जातात, ॲब्सोल्यूट प्रकारचं मशीन असेल तर झिरो, म्हणजे मोजायची सुरुवातीची जागा, तीही जाते. इथं ते ब्लिंक होतंय आणि कुणाला पडलेलीच नाही. टेबलाच्या टी-स्लॉटमध्ये (जॉब बांधायच्या खाचा) एकही चिप, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस, नाही, नुसती धूळ, बोट फिरवलं तर रेघ उमटली. कूलंटचा (कापताना सोडायचं थंड करणारं पाणी-तेल) वास नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मशीनच्या मागं एअरचा निळा पाइप गुंडाळून टाय मारून ठेवलेला. शेडमध्ये कॉम्प्रेसरच नव्हता. व्हीएमसीला हवा नसेल तर टूल सुटतच नाही ओ स्पिंडलमधून, म्हणजे टूल धरून फिरणाऱ्या भागातून! त्या मशीनवर कुणी काही शिकवू शकत नव्हतं, त्या मशीनवर कधी काही शिकवलंच गेलं नव्हतं. मी रोज बोअर गेजनं मायक्रॉन मोजणारा माणूस, मला हे सगळं दिसलं, एकेक गोष्ट दिसली, आणि मी विचारलं सुद्धा, "एअर नाही का?" सर म्हणाले, "आज मेंटेनन्सला आहे."

आणि मी गप्प बसलो.

का बसलो ते सांगतो, पटलं तर बघा. माझ्या स्वतःच्या पॉलिटेक्निकला पण सीएनसी कव्हर घालूनच असायचं, इन्स्पेक्शनच्या दिवशी कव्हर निघायचं. आमच्या बॅचमधल्या निम्म्या पोरांनी सायकल स्टार्टचं बटण कंपनीत आल्यावर पहिल्यांदा दाबलं. त्यामुळं बंद मशीन बघून मला "हे कॉलेज खोटं आहे" असं वाटलंच नाही, मला वाटलं कॉलेजं अशीच असतात. खऱ्या कॉलेजांनी वर्कशॉप नीट चालवली असती तर खोटं वर्कशॉप मला दारातच कळलं असतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून म्हणेन.

हिशोब लिहितो, एकही रुपया लपवत नाही. रजिस्ट्रेशन २,५००. पहिला हप्ता ४५,०००, तो यूपीआयनं एका बाईच्या सेव्हिंग खात्यावर, का तर "संस्थेचं करंट अकाउंट अपडेट होतंय". दुसरा हप्ता ६०,००० रोख, पतसंस्थेतून काढून. मग "एलिजिबिलिटी आणि मायग्रेशन" १८,०००, परीक्षा फॉर्म ११,०००, आणि शेवटचा हप्ता ५०,०००, त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण. झाले १,८६,५००. पावत्या मिळाल्या त्यावर "कन्सल्टन्सी चार्जेस" लिहिलंय, युनिव्हर्सिटीचं नाव कुठंच नाही. रोख दिलेल्या ६० हजारांची तर पावतीच नाही, "सिस्टीम डाउन आहे सर, व्हॉट्सॲप करते". फी कधीही माणसाच्या नावावरच्या खात्यात भरायची नाही. कधीही म्हणजे कधीही.

क्लास बारा-तेरा रविवार झाले असतील, नंतर नुसते पीडीएफ. परीक्षा एका मंगल कार्यालयात, खुर्च्यांवर अजून लग्नाच्या झालरी. पेपर झेरॉक्स केलेला, कोपऱ्यात पाच आकडी कोड अर्धा खोडलेला, पण प्रश्न आमच्या डिप्लोमाच्या जुन्या पेपरमधले. जिग्स आणि फिक्श्चरमधला फरक, थ्री-टू-वन लोकेशन, लेथ टूलचे अँगल, हे मी २०१८ ला लिहून पास झालोय, आता डिग्रीच्या तिसऱ्या वर्षाला परत तेच! एका पानात तर जी०२, म्हणजे गोलाई कापायचा कोड, घड्याळाच्या उलट दिशेनं असं छापलेलं, जी०२ सुलट असतो हे शॉपफ्लोअरवरचा हेल्पर पण सांगेल. माझ्या शेजारच्या पोरानं हात वर करून विचारलं तर सुपरवायझर म्हणाला, जे आहे ते लिहा.

मार्कशीट आल्या, क्यूआर कोडसकट, स्कॅन केलं की वेबसाइट उघडायची आणि माझं नाव दिसायचं. मला काय माहीत की ती वेबसाइटच ह्यांची आहे, खऱ्या नावात एक अक्षर जास्त घालून बनवलेली. नोव्हेंबर २०२४ ला प्रमोशनसाठी एचआरला कागद दिले, त्यांनी व्हेरिफिकेशनला पाठवले आणि तीन आठवड्यांनी उत्तर आलं की असा पीआरएन (विद्यार्थ्याचा नोंदणी नंबर) आमच्या रेकॉर्डला नाही. एचआर मॅनेजरच्या केबिनमध्ये मी उभा आणि तो विचारतोय, "तू खोटी कागदपत्रं दिलीस?" माझी नोकरी जाणार होती. प्लांट हेड मला बरीच वर्षं ओळखतात म्हणून वॉर्निंग लेटरवर भागलं. मी फसलेला, आणि चोर म्हणून उभा मी.

पीआरएन मिळाला की त्याच आठवड्यात स्वतः युनिव्हर्सिटीच्या परीक्षा विभागाला ईमेल करा, पत्ता खऱ्या वेबसाइटवरून घ्या, ह्यांनी दिलेला नको. एवढं एक काम मी केलं असतं तर ८० हजार तरी वाचले असते.

ऑफिसला गेलो तर कुलूप. मग सुरू झाली दुसरी परीक्षा. ऑफिस ज्या हद्दीत त्या पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणाले तुम्ही राहता तिथं द्या. राहतो तिथं गेलो तर म्हणाले गुन्हा तिकडं घडला, तिकडंच जा. परत पहिल्या ठिकाणी, चार तास बाकावर, मग साहेब म्हणाले, "फी दिली, क्लास झाला, परीक्षा झाली, हे सिव्हिल मॅटर आहे." खोटी मार्कशीट टेबलावर ठेवलीय आणि सिव्हिल मॅटर! पैसे जुलै २०२४ च्या आधी दिलेत म्हणून फसवणुकीचं जुनं कलम ४२० लावायचं का नवीन कायद्यातलं ३१८, ह्यावर दोघा हवालदारांची अर्धा तास चर्चा झाली आणि शेवटी काहीच लावलं नाही, एक अर्ज घेतला आणि शिक्का मारून दिला. सायबरवाले म्हणाले रोख रक्कम आमच्यात येत नाही, आणि ऑनलाइन गेली ती दीड वर्षापूर्वीची. बँक म्हणाली तुम्हीच पिन टाकून पाठवलेत. आणि ज्या सरकारी ऑफिसचं कामच कॉलेजांवर लक्ष ठेवायचं आहे तिथं खिडकीवर काय ऐकलं माहितीये? "ही संस्था आमच्या यादीत नाही, त्यामुळं आम्ही कारवाई करू शकत नाही." अहो यादीत नाही हीच तर तक्रार आहे! यादीत असलेल्यांवर तुम्ही नोटिसा काढणार आणि यादीत नसलेला उघड बोर्ड लावून पोरांकडून लाखो घेणार, त्याचं कोण बघणार? महाराष्ट्रात अनधिकृत संस्था आणि अनधिकृत अभ्यासक्रमांना बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. मी त्याची प्रिंट घेऊन गेलो होतो, समोरच्यानं ती उलगडून सुद्धा बघितली नाही. ह्या चकरांसाठी माझ्या नऊ सुट्ट्या गेल्या, सगळ्या बिनपगारी.

जे ॲडमिशनच्या तयारीत आहेत त्यांनी हे करा. एआयसीटीईच्या वेबसाइटवर कॉलेजचं नाव बघा, पण नुसतं नाव नाही, तोच कोर्स आणि त्याच वर्षाची मंजुरी आहे का ते बघा, कॉलेज खरं आणि कोर्स खोटा असंही करतात. डीटीईचा (राज्याचं तंत्रशिक्षण संचालनालय) कॉलेज कोड विचारा, थांबा जरा म्हणाले तर निघा. घरी बसून डिस्टन्सनं इंजिनिअरिंगची डिग्री हा प्रकार कुणी विकत असेल तर सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्येच काही अभिमत विद्यापीठांच्या तसल्या डिग्र्या उडवल्यात हे लक्षात ठेवा. ऑनलाइन पैसे गेले आणि लगेच कळलं तर त्याच तासाला १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, माझ्यासारखं दीड वर्षानं करून काही हाती लागत नाही. आणि डिग्रीच पाहिजे असं नसेल, हातात काम पाहिजे असेल, तर संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम सरकारी आहे, टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा तिथं आहे, सीएनसीचे कोर्स आहेत. वर्कशॉप बघायला जाल तेव्हा लांबून बघू नका. मशीनला एअर आहे का, टाकीत कूलंट आहे का बघा, आणि म्हणा माझ्यासमोर एक जॉब काढून दाखवा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

आमच्या बॅचचा ग्रुप ॲडमिननं डिलीट केला, पण नंबर शोधून शोधून आत्तापर्यंत १६ जण जमलोत. तीन जण घरच्यांच्या भीतीनं नाव द्यायला तयार नाहीत, त्यांना मी जबरदस्ती करणार नाही. बाकी तेरा जणांची मिळून रक्कम १९ लाख ४० हजार होते. पोलीस स्टेशननं गुन्हा नोंदवला नाही तर लेखी तक्रार पोस्टानं वरिष्ठ अधिकाऱ्यांकडं पाठवता येते आणि तिथंही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडं जाता येतं, हे आम्हाला एका वकिलांनी फुकट सांगितलं. तक्रार सोमवारी पोस्टानं टाकतोय. ज्यांच्याकडं "कन्सल्टन्सी चार्जेस" लिहिलेल्या निळ्या पावत्या आहेत, त्या व्हीएमसीसमोरचे फोटो आहेत, त्यांनी रविवारपर्यंत मला मेसेज करा, नाव बाहेर जाणार नाही.